रविवारची कात्री

आमच्या घरात कात्री होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक हळहळतात आणि म्हणतात, "तुमच्याकडे काही साधनंच नव्हती हो त्या काळी." साधनं होती. कात्री होती, केस कापायचं मशीन होतं, वस्तरा होता, वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा होता. सगळं एका हिरव्या पत्र्याच्या डब्यात, तेलाचा हात फिरवून, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. आणि ते चालवणारा, काश्मीरच्या लढाईत मांडीत गोळी घेऊन आलेला, हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेला माझा बापही घरातच होता. तरी माझ्या डोक्यातली एक जट कापायला आख्ख्या घराला दिवाळीपासून मार्गशीर्ष उजाडला.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आमचं गाव कृष्णेच्या काठाला, आष्ट्याहून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. गावाभोवती ऊस, घरटी एक तरी माणूस पलटणीत, आणि मिशांना पीळ असा की त्यावर लिंबू ठरावं. गावचा न्हावी या सगळ्या मिशा राखायचा, उन्हाळ्यात म्हशी भादरायचा, पण आमच्या वस्तीतलं डोकं हाताखाली घ्यायचा नाही. बाटायचा बिचारा. म्हशीनं तो बाटत नसे. म्हणून आबा पलटणीतून येताना तो हिरवा डबा घेऊन आले. आठवडाभर ते सांगलीत एका तेलाच्या गिरणीवर पहाऱ्याला असत. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं येत आणि रविवारी सकाळी दारातल्या चिंचेखाली, एका चपट्या दगडावर, वस्तीतल्या एकेकाला बसवून केस कापत. पैसे घेत नसत, पण भाषण ऐकावं लागे. "देव दगडाचा. त्याला भ्यायचं न्हाई. भ्यायचं ते आडाणीपणाला," असं म्हणत ते समोरच्याची मान खाली दाबत, त्यामुळे सगळ्यांचा होकारच येई.

बोलायचा त्यांना हक्कही होता. छपन्न साली वस्तीनं दीक्षा घेतली, तेव्हा आबांनी देव्हाऱ्यातले टाक, देवीचा मुखवटा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची परडी टोपल्यात भरून कृष्णेच्या डोहात सोडली होती. पाठीमागं वस्ती रडत होती आणि हे पुढं ताठ चालले होते, असं आई सांगायची. त्याच महिन्यात वस्तीनं गावची मेलेली जनावरं ओढणं बंद केलं. गावानंही मग उसातली खुरपणी, पिठाची गिरणी, दुकानातला उधार-रोख व्यवहार सगळं काही महिने बंद करून दाखवलं. त्याच महिन्यांत माझा थोरला भाऊ घटसर्पानं गेला. मी तेव्हा अंगावर पीत होते, मला तो आठवत नाही. पण तो गेला आणि वाण्याच्या दुकानापासून नदीच्या घाटापर्यंत एकच वाक्य फिरलं: देव बुडवले, पोरगं गेलं. आबांच्या तोंडावर कुणी बोललं नाही. आबांनीही ते वाक्य घरात कधी उच्चारलं नाही. भावाचं नावही आमच्याकडं घेत नसत.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी मी सातवीत होते. दसऱ्याच्या सुमाराला मला मुदतीचा ताप आला आणि तो काही केल्या उतरेना. केस विंचरायचं बळ माझ्यात नव्हतं, आणि दिवसभर दुसऱ्याच्या उसात खुरपून आलेल्या आईतही नव्हतं. उशीवर घासून घासून मानेपाशी केस गुंतले, घामानं चिकटले, आणि ताप गेला तेव्हा तिथं हाताच्या अंगठ्याएवढी जाड दोरी वळली गेली होती. यात देवाधर्माचा काय संबंध? लोळागोळा होऊन पडलेल्या कुणाही बाईच्या डोक्यात असा गुंता होतो. आई तेलाची वाटी आणि फणी घेऊन बसलीही होती. तेवढ्यात चुलती आली. ती आबांच्या थोरल्या भावाची बायको, आमच्या शेजारीच राहायची. तिनं आईचं मनगटच धरलं.

"आगं, काय करतीस? जट हाय ती! आई आलीया पोरीच्या डोक्यात!"

आई म्हणजे सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा. आमच्या त्या मुलखात, कर्नाटकाच्या हद्दीकडं तर फारच, मुलीच्या डोक्यात जट आली म्हणजे देवीनं तिला मागून घेतलं असं धरतात. मग जट विंचरायची नाही, धुवायची नाही. कापली तर घरातलं माणूस जातं म्हणतात. आणि मुलीला मार्गशीर्षातल्या पुनवेच्या जत्रेत डोंगरावर नेऊन देवीला सोडायचं. म्हणजे गळ्यात दर्शनाची माळ, डोक्यावर परडी, जन्मभर दारोदार जोगवा. लग्न नाही, घर नाही, मूल झालं तर त्याला बाप नाही. देवीची म्हणून सगळ्यांनी पाया पडायचं आणि कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांनी वाटेल तसं वागवायचं, असा तो मान.

आम्हाला हे ऐकीव नव्हतं. आबांची थोरली बहीण, माझी आत्ती, अशीच लहानपणी सोडलेली होती. ती मिरजेच्या पलीकडं, हद्दीवरच्या एका गावात राही. कधीमधी यायची, ओसरीवर बसायची, बिनदुधाचा चहा घ्यायची आणि परडी उचलून निघायची. तिची जट कमरेच्या खाली आलेली होती. आत्ती घरात असली की आबा भाषण करत नसत.

आणि आता पाहा माझा काय थाट झाला तो. ज्या बागायतदारांच्या विहिरीवर आम्हाला वरून पाणी ओतायचे, ज्यांच्या बायका माझी सावली पडेल म्हणून लुगडं आवरून घ्यायच्या, त्याच बायका हळदीकुंकू घेऊन वस्तीत यायला लागल्या. मला पाटावर बसवायच्या आणि चार बोटं लांबून माझ्या डोक्यावर हळद टाकायच्या. शिवायचं नव्हतंच, फक्त जटेला नमस्कार करायचा होता. मी बारा-तेरा वर्षांची पोर, मला शिवलं तर विटाळ, आणि माझ्या डोक्यातल्या मळाला हात जोडायचे! न्हावी एकदा वाटेत भेटला तर त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या. आयुष्यात माझ्या वाट्याला आलेला तो पहिला मान. त्या जटेत उवा झाल्या होत्या आणि तिला आंबूस वास येत होता. रात्री खाज सुटली की मी गोधडीचं टोक तोंडात धरून पडायची.

शाळेतल्या मास्तरांनी आबांना बोलावून घेतलं. मला वाटलं, आता मास्तर काही बोलतील, ते आम्हाला विज्ञान शिकवत. मास्तर म्हणाले, "माझा नाही हो विश्वास असल्या गोष्टींवर. पण उगाच विषाची परीक्षा कशाला? पुनवेपर्यंत घरीच राहू द्या." विषाची परीक्षा कशाला! हे वाक्य मी पुढं जन्मभर ऐकत आले, आणि ते म्हणणारे सगळे शिकलेले, विश्वास नसलेले, सुधारक. विश्वास नाही म्हणायचं, आणि विश्वास असल्यासारखं वागायचं. त्यापेक्षा माझी चुलती बरी. ती निदान खरंखुरं भीत होती.

माझं पाटी-दप्तर फळीवर गेलं. सातवीची परीक्षा पास झाले की सांगलीला बोर्डिंगात राहून पुढं शिकायचं, नर्स व्हायचं, असं आबांनीच ठरवलेलं होतं. ते शब्दही बंद झाले. चुलते येऊन ओसरीवर बसू लागले आणि कोणत्या गाडीनं जायचं, लिंबाचा पाला नेसवायला कोण येईल, आत्तीला निरोप कुणाबरोबर धाडायचा, अशा गोष्टी लग्नघरासारख्या चालू झाल्या. हेच चुलते दीक्षेच्या दिवशी पांढरी टोपी घालून पुढं होते.

मी मात्र रविवारची वाट बघत होते. माझा आबांवर विश्वास होता. मला वाटायचं, ते सांगलीला गिरणीवर असताना हे सगळे चावटपणा करतात. रविवारी ते डबा उघडतील, मला दगडावर बसवतील आणि एका झटक्यात सोक्षमोक्ष लावतील. पहिल्या रविवारी मी चिंचेखाली जाऊन बसले. एकेकाचे केस कापून होत होते. आबा त्या दिवशी भाषण करत नव्हते. सगळे उठून गेले, मी राहिले. आबांनी कात्री पुसली, माझ्याकडं न बघता फडक्यात गुंडाळली आणि डबा बंद केला. म्हणाले, "उनात बसू नको, ताप यील."

पुढच्या रविवारीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. दर खेपेला कात्री अगदी माझ्या समोर चालायची. कानामागं, मानेवर, कचकच कचकच. वस्तीतली सगळी डोकी भादरून झाली. माझ्यावर वेळ आली की डबा बंद. साताऱ्याला पेन्शनीच्या कचेरीत साहेबापुढं छाती काढून बोलणारा, बर्फात रांगत गेलेला हा माणूस केसांच्या एका गुंत्यापुढं हात मागं घेत होता, आणि ते मला दिसू नये म्हणून उन्हाची सबब सांगत होता. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो. माणूस भ्याला तर भ्याला, त्यात काय? भीतीला कुणी शिक्षा करत नाही. पण भीतीला काळजीचं सोंग चढवलं की समोरचं पोर फुकट बळी जातं.

पुनवेआधीचा शेवटचा रविवार आला. गुरुवारी निघायचं ठरलं होतं. केस कापायला आलेले लोक निघून गेले होते. आबा डबा आवरत होते, चुलते ओसरीवर सुपारी कातरत होते, आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती आणि मी नेहमीप्रमाणं चिंचेखाली. चुलते सहज बोलल्यासारखं बोलले, "मन घट्ट कर गड्या. मागल्या येळंला आपुन आईची आज्ञा मोडली, त्याचं काय झालं ते बघितलं न्हवं? येक पोरगं..."

"थांबा," आई म्हणाली.

आई थोरल्या दिरासमोर बोलत नसे. पदर पुढं ओढून दाराआड उभी राहायची. त्या दिवशी ती सूप खाली ठेवून अंगणात आली, आणि पदर होता तिथंच राहिला.

"आवं भावजी, त्ये पोरगं कशानं गेलं त्ये आज बोलू या. अकरा वर्सं न्हाई बोललो."

आबा म्हणाले, "जाऊ दे गं."

"का जाऊ दे? तुमी सांगलीला व्हता. म्या व्हती. पोराचा गळा सुजला, पाणी उतरंना. दवाखाना आष्ट्याला. पोराला खांद्यावर टाकून म्या गाडी मागत हिंडली. ह्या गावात चार दारं पुजली म्या. येकाची गाडी तर दारात जुपल्याली, बैलं उभी. पाया पडली त्याच्या. म्हनला, देव बुडवताना इचारलं व्हतं का आमाला? आता तुमच्या बुद्धाला सांगा गाडी जुपायला." आईचा आवाज चढला नव्हता, तांदळातले खडे वेचावेत तसे ती शब्द वेचत होती. "म्या चालत गेली. वड्यापशी गेली आन् पोराची मान खांद्यावर पडली. देवीनं गाडी अडवली न्हवती, भावजी. मानसानं अडवली. नाव, गाव, दार, समदं ठावं हाय मला. आन् आमी काय केलं? देवीला भीत बसलो!"

चुलत्यांच्या अडकित्त्यात सुपारी तशीच राहिली.

हे आबांना माहीत नव्हतं असं नाही. आईनं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. ते त्यांनी ऐकलं आणि बाजूला ठेवलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही, पुढं कळलं, आणि कळल्यावर अंगाची लाही झाली. देवीनं नेला म्हटलं की गप्प बसता येतं. डोंगरावरच्या देवीशी कोण भांडणार? पण माणसानं मारला म्हटलं की त्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं, आणि तो माणूस तर रोज भेटत होता. त्याच्याच उसात आई खुरपत होती. त्याचीच बायको हळदीकुंकू घेऊन आमच्या पाटापाशी आली होती. देवीची भीती हे आमच्या घराचं नुसतं झाकण होतं. खाली दुसरी भीती रटरटत होती, माणसांची. गावानं गाडी दिली नाही ती दिली नाहीच, वर पोराच्या मरणाचं पाप आमच्याच बापाच्या डोक्यावर ठेवलं, आणि आम्ही ते अकरा वर्षं मुकाट्यानं वाहिलं!

आई आबांकडं वळली. "येक गेलं गाडी न्हाई म्हनून. ही कात्री हातात असताना जायची हाय का?"

आबांनी बंद केलेला डबा पुन्हा उघडला. मला म्हणाले, "बस."

चुलते उठून निघून गेले. चुलतीनं आपलं दार लावून घेतलं, कडीचा आवाज आला. आबांचे हात थरथरत होते. बंदुकीला न थरथरलेले हात, असं लिहायचा मोह होतो, पण बंदुकीलाही ते थरथरले असतील, आम्हाला कुणी सांगितलंय? कात्री जटेतून जाईना. तिच्यात तेल, हळद, मळ बसून ती सुंभासारखी झाली होती. आबा थोडे थोडे केस तोडत होते आणि मधेमधे थांबून श्वास घेत होते. मला त्यांचा श्वास मानेवर लागत होता. मीही भ्याले होते, खोटं कशाला बोलू? कापून होताच आबा कोसळतील की आई, याचा मी डोळे मिटून अंदाज घेत होते. मग मान एकदम हलकी झाली. डोळे उघडले तर दोघंही उभीच होती.

मग आबांनी मशीन फिरवून सगळं डोकंच साफ केलं. आईनं ती जट चिमट्यानं उचलली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. केस जळल्याचा घाण वास सुटला. त्याच चुलीवर माझ्या अंघोळीचं पाणी तापलं. कित्येक आठवड्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि त्या दिवशी मी संध्याकाळीच झोपले.

आता पुढचं ऐका. देवाला नसेल, पण योगायोगाला विनोदबुद्धी असते आणि ती फार वाईट असते. दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला.

तोच तो, कोयनेचा. आमच्याकडं फळीवरची भांडी धाडधाड खाली आली, कौलं सरकली, कुत्री एकदम रडायला लागली. जमीन कणीक चाळावी तशी हलत होती. आम्ही अंगणात पळालो. सगळी वस्ती बाहेर, थंडीत कुडकुडत, आणि झुंजुमुंजू होऊन तोंडं दिसायला लागली तशी सगळ्यांची नजर हळूहळू एकाच ठिकाणी येऊन थांबली, ती माझ्या तुळतुळीत डोक्यावर.

"बघितलंस?" चुलते आबांना म्हणाले. "आता तरी बघितलंस?"

दिवस वर येईपर्यंत गाव वस्तीच्या तोंडाशी आलं होतं. साताऱ्याकडून येणाऱ्या एस.टी.नं बातम्या आणल्या, कोयनानगरच्या चाळी भुईसपाट झाल्या, ढिगाऱ्याखाली माणसं आहेत, घाटरस्ता बंद आहे. आणि इथं आमच्या गावच्या मिशीवाल्यांना भूकंपाचं कारण सापडलं होतं. एका महाराच्या पोरीची जट कापली म्हणून, अशी जात काढून बोलत होते, दीक्षेला अकरा वर्षं झाली तरी. पोरीला डोंगरावर नेऊन पदर पसरा, नाहीतर वस्तीतल्या एकाही बाईनं उसात पाय ठेवायचा नाही, असा हुकूम झाला. आईनं त्यांना तिथंच विचारलं, "कोयनेच्या मेलेल्या मानसांनी कुनाची जट कापली व्हती?" उत्तर नसलं की माणसं जास्तच ओरडतात.

वाईट झालं ते आबांचं. ते त्या चपट्या दगडावर बसून राहिले. सोमवारची एस.टी. गेली, मंगळवारची गेली, हे गिरणीवर गेलेच नाहीत. अधूनमधून जमीन पुन्हा हलायची आणि प्रत्येक हादऱ्याला ते माझ्याकडं बघायचे, मी आहे ना हे पाहिल्यासारखं. आम्ही सगळे उघड्यावर झोपत होतो. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी हिरवा डबा सुतळीनं बांधला. मला दिसत होतं तो कुठं जाणार ते. ज्या डोहात देव गेले, त्याच डोहात आता कात्री जाणार होती. देव बुडवायला ताठ गेलेला माणूस आता वाकून जाणार होता, आणि त्याच्या पाठोपाठ मी डोंगरावर.

बुधवारी दुपारी आत्ती आली.

तिला चुलत्यांचा निरोप आधीच पोचला होता. मला न्यायला म्हणूनच ती आली होती. वस्तीच्या वाटेवर तिची परडी दिसली आणि बायका बाजूला सरल्या, चुलतीनं तर जमिनीला डोकं टेकलं. सगळ्यांना वाटलं, आता ही किंचाळणार, हिच्या अंगात येणार, ही आमच्या घराला शाप देणार. मला तर पळून जावंसं वाटत होतं. आत्तीनं परडी चिंचेच्या बुंध्याशी ठेवली. माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्यावरून तळहात फिरवला, उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.

"कुनी कापली?" तिनं विचारलं.

"म्या, आक्का," आबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"कंच्या दिशी?"

"आयतवारी. आन् सोमवारी भुई हलली."

आत्तीनं आबांना हातानं दगडावरून उठवलं आणि त्या जागी स्वतः बसली. डोक्यावरचा पदर काढला, कवड्यांची माळ मागं बांधली होती ती सोडली, आणि तिची ती जुनाट, करडी, कमरेखाली लोंबणारी जट पाठीवर मोकळी पडली.

"मग माझीबी काप."

चुलते पुढं झाले. "आगं, भुई हलतीया, कळतंय का तुला?"

आत्तीनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती आबांशीच बोलत होती. ती त्यांना तिकडच्या रीतीनं तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. "तम्मा, मला डोंगरावर न्हेली तवा म्या ह्या पोरीपरास ल्हान व्हती. तू आईच्या कडंवर व्हतास, गूळ-खोबरं खात व्हतास. लय रडली म्या. बाच्या धोतराला धरलं, सोडवून घेतलं त्यानं. तवा का न्हाई रं हलली ही भुई? तवा येक धोंडा बी हलला न्हाई. आता दोन केसं कापली तर हिला राग आला व्हय? काप तू. काय व्हतंय त्ये माझ्या डोक्यावर हू दे."

आबांनी सुतळी सोडायला घेतली. गाठ घट्ट होती, शेवटी आईनं विळ्यानं कापून दिली. चुलते होते, चुलती होती, वस्तीच्या तोंडाशी गावातली चार माणसं उभी होती. सगळ्यांच्या देखत आबांनी आपल्या थोरल्या बहिणीच्या डोक्याला कात्री लावली. ते रडत होते, उघड रडत होते, पण हात थरथरत नव्हते. मी मागं उभी राहून जट उचलून धरली होती, म्हणून मला नक्की माहीत आहे. ओल्या दाव्यासारखी जड होती ती. एवढं ओझं घेऊन ही बाई उन्हातान्हात दारोदार चालली होती आणि लोक तिच्या पाया पडत होते, कुणी एकानं म्हटलं नाही, बाई, मान दुखत असेल.

शेवटचे केस तुटले आणि जट माझ्या हातात आली. सगळे जमिनीकडं बघत होते. चुलते तर चिंचेला धरून उभे होते. काही झालं नाही. एक कोंबडी अंगणातून गेली.

आत्तीनं हात मागं नेला. आधी हवेतच चाचपला, जिथं जट असायची तिथं. मग मानेवर ठेवला. ती मान कुणी कधी बघितली नव्हती, तिथली कातडी तिच्या तोंडापेक्षा उजळ होती, लहान मुलीच्या मानेसारखी. ती बराच वेळ नुसती मान चोळत बसली. मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल. ती आबांकडं वळली आणि रागानं, फार जुन्या रागानं म्हणाली,

"एवढंच व्हतं व्हय रं, तम्मा?"

आत्तीनं ती जट माझ्या हातातून घेतली, उठली, न्हाणीच्या चुलीपाशी गेली आणि आईला म्हणाली, "पानी ठेव. मला न्हायचं हाय."